रेडिओ-नियंत्रित वाहनांतील विद्युतदाब नियामक : वसईच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

रेडिओ-नियंत्रित वाहनांच्या इतिहासात मोटार, बॅटरी आणि प्रक्षेपक यांची चर्चा होते. विद्युतदाब नियामकाची, म्हणजेच व्होल्टेज रेग्युलेटरची, क्वचितच. वस्तुतः रिसीव्हर व सर्व्हो मोटार यांना सुमारे ५ व्होल्टचा स्थिर दाब पुरविणारा हा घटक थांबला, की धावते वाहन चालकाच्या आज्ञेबाहेर जाते.

निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे दाखविलेली नौका हा या परंपरेचा आरंभ. पुढे दीर्घकाळ छंदासाठीच्या वाहनांत मोटारीसाठी एक व रिसीव्हरसाठी दुसरी अशा दोन बॅटऱ्या असत. एकाच बॅटरीवर भागविणे सुलभ झाले ते तीन पायांच्या नियामकामुळे. रॉबर्ट विड्लर यांनी रचलेला एलएम १०९ हा १९६९ मधील. त्यानंतर फेअरचाइल्ड कंपनीची ७८०० मालिका आली. अतिउष्णता होताच स्वतःहून बंद होणे, हा या रचनेचा मोठा गुण मानला गेला.

वसईत विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ मध्ये सुरू झाले. पवईच्या आयआयटीतील ‘टेकफेस्ट’ १९९८ पासूनचा. वसईकर विद्यार्थ्यासाठी सुट्या भागांची पेठ म्हणजे लोकलने ग्रँट रोड आणि तेथून लॅमिंग्टन रोड. ७८०५ हा तेथे सहज मिळणारा, अत्यंत स्वस्त घटक.

मात्र बॅटरी बदलली. ७.२ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम संचावर अर्धा अँपिअर प्रवाह घेतल्यास ७८०५ मध्ये सुमारे १.१ वॅट उष्णता होते; उघड्या हवेत तो ती कशीबशी सोसतो. लिथियम-पॉलिमरच्या तीन घटांचा संच ११.१ व्होल्टचा. तेवढ्याच प्रवाहाला आता ३ वॅट उष्णता, आणि उष्णताशोषक पट्टीविना नियामक बंद! नियामक स्वतःला वाचवितो आणि वाहन सोडून देतो. १९६९ चा गुण येथे दोष ठरतो.

स्विचिंग पद्धतीच्या नियामकात हीच हानी अर्ध्या वॅटच्या आसपास राहते. त्याच्या विद्युतगोंगाटाचा जुन्या, कमी वारंवारितेच्या रिसीव्हरना उपद्रव होई. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तेव्हा ती अडचणही पुष्कळ ओसरली. विद्यार्थी-प्रकल्पांत ७८०५ अजूनही आढळतो. त्याच्या पाठीला पट्टी आहे की नाही, हे परीक्षकाने वाहन सुरू करण्यापूर्वी पाहावे.