मेंढीकोट : हुकमाचा वचक आणि त्यावरील उतारा

पवनेकाठच्या पिंपळे गुरवसारख्या उपनगरात राज्याच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे शेजारी राहतात. सुटीच्या दुपारी ही मंडळी मेंढीकोट खेळायला बसली, की पाने वाटण्यापूर्वीच वाद सुरू होतो. कारण प्रत्येक गावचा हुकमाचा नियम वेगळा. खेळाचा गाभा मात्र सर्वत्र एकच आहे.

मूळ नियम

समोरासमोर बसलेले दोघे भिडू, अशा दोन जोड्या असतात. ५२ पानांपैकी प्रत्येकास १३ मिळतात. एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी अशा उतरत्या क्रमाने दुर्रीपर्यंत पानांची श्रेष्ठता ठरते. उतारीचा रंग हाती असेल, तर तोच टाकावा लागतो. तीन दश्श्या मिळवणारी जोडी डाव जिंकते. दोन-दोन अशी विभागणी झाल्यास १३ पैकी किमान ७ हात करणाऱ्यांचा विजय. चारही दश्श्या मिळाल्या की मेंढीकोट, आणि तेराही हात केले तर त्याहून मोठा मान.

मोल आणि बळ

दश्शी मोलाची असली तरी बलवान नाही. तिच्याच रंगातील चार पाने तिच्यावर मात करतात. उलट हुकमाची दुर्री अन्य रंगाच्या एक्क्यालाही कापते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफातही हाच धडा मिळतो. तेथे १० रंगांची १२० पाने असतात. प्रत्येक रंगात राजा व प्रधान श्रेष्ठ. परंतु आकड्यांच्या पानांत पाच रंगांमध्ये दहा सर्वांत मोठे, तर उरलेल्या पाचांत एक्का. पानाचे सामर्थ्य त्याच्या आकड्यात नसून ठरलेल्या नियमात असते. म्हणूनच नियम आधी ठरवणे अगत्याचे.

वाद कोठे होतो?

हुकूम ठरवण्याच्या दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत उतारीचा रंग प्रथमच ज्याच्याकडे नसेल, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो. दुसरी बंद हुकमाची. तीत एक खेळाडू आपले एक पान उपडे ठेवतो आणि रंग नसलेल्या खेळाडूने मागणी केल्यावर ते उघडले जाते. येथे तीन गोष्टी वाटणीपूर्वीच ठरवाव्यात. उघडायला लावणाऱ्याने हुकूम टाकलाच पाहिजे का? उपडे पान मालकाच्या हाती केव्हा परत जाते? रंग असूनही दुसरे पान टाकल्यास दंड काय?

हुकमाला उतारा

हुकूम हा कितीही प्रबळ वाटला, तरी त्याची पाने १३ च असतात. तुमच्याकडे ५ असतील, तर बाहेर ८ उरतात. हुकमाचीच उतारी दोनदा केली, तर त्यांतील ६ पर्यंत पाने बाहेर पडू शकतात. त्यानंतर तुमच्या इतर रंगांतील एक्के बरेच निर्धास्त होतात. मात्र हुकूम भिडूकडे जास्त असल्याची शंका असेल, तर ही उतारी टाळावी; त्याचे बळ आपणच खर्च करून टाकतो.

पहिल्या पद्धतीत हुकूम ठरण्यापूर्वी आपल्या लांब रंगाची उतारी करू नये. हाती बदामाची ७ पाने असतील, तर उरलेली ६ तिघांत विभागलेली असतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच एखादा रिकामा होतो आणि त्याच्या सोयीचा हुकूम ठरतो. त्याऐवजी आखूड रंग आधी संपवावा, म्हणजे हुकूम ठरवण्याची संधी आपल्याकडे येते.

दश्शी टाकण्याची सुरक्षित जागा चौथी. भिडूचे पान हातात वरचढ असून आपण शेवटचे असू, तर ती निःशंक द्यावी. तिसऱ्या क्रमांकावर असताना भिडूचा एक्का पडला, तरी चौथा खेळाडू तो कापू शकतो. त्या रंगाच्या किती फेऱ्या झाल्या आहेत, हे आठवूनच निर्णय घ्यावा.

पडलेल्या पानांची मोजणी हेच बलवान पानावरचे खरे शस्त्र आहे. सुरुवातीला चारही रंग मोजणे जमले नाही, तरी हुकमाची १३ पाने आणि चार दश्श्या एवढी १६ पाने लक्षात ठेवली, तरी खेळात लगेच फरक पडतो. हुकमाची दश्शी दोन्हींत येते, तेव्हा प्रत्यक्षात ध्यानात ठेवायची पाने १६ च!