पटावरचा हिशेब

दरेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातले, हावडा–मुंबई लोहमार्गावरचे लहानसे स्टेशन. राज्याची सीमा हाकेच्या अंतरावर, आणि जवळच कचारगडच्या गुहा, जिथे माघ पौर्णिमेला दूरदूरचे गोंड भाविक जमतात. या टापूत घरोघरी गोंडी, छत्तीसगढी, पोवारी, झाडीबोली, हिंदी असे काहीबाही कानावर पडते. पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी मूल बहुतेकदा शाळेतच प्रथम ऐकते. अशा भागातली शाळा सरकारी चाचणीत मागे पडली, तर जाब कुणाला विचारायचा? गेली दीडशे वर्षे उत्तर एकच आहे: गुरुजींना. सरकारने शाळेकडून हिशेब मागितला तो जवळजवळ नेहमी वरून खाली. शाळेला जे पुरवायचे होते त्याचा हिशेब सरकारने स्वतः क्वचितच दिला.

या पद्धतीचे मूळ इंग्लंडात आहे. शिक्षण खाते सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो यांनी 1862 मध्ये तिथे शाळांच्या अनुदानाची नवी संहिता लागू केली. तपासनीस शाळेत येई, वाचन, लेखन आणि गणित तपासे, आणि किती मुले हजर व किती उत्तीर्ण यावर अनुदान ठरे. मॅथ्यू अर्नोल्ड हे कवी स्वतः शाळा तपासनीस होते. शिकवणे आता परीक्षेपुरते उरेल, असे ते तेव्हापासून सांगत राहिले. मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची रीत आली. 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी तिच्या वर्मावर बोट ठेवले. जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, अशा गरीब लोकांत ही पद्धत चालणार नाही. पोट भरणार नसेल तर कोणता शिक्षक तिथे शाळा काढील, असा त्यांचा रोख होता. तिथे सरकारी शाळाच हव्यात, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत आणि त्यांना पगार पुरेसा द्यावा, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे निकालाआधी माणूस आणि पैसा. 1904 च्या शिक्षणविषयक ठरावात कर्झन सरकारनेही निकालावरचे अनुदान मोडीत काढण्याची भूमिका घेतली, पण फुल्यांच्या मागणीतला माणूस आणि पैशाचा भाग मात्र मागे राहिला.

दरेकसा तेव्हा मध्यप्रांतात होते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्यात आला, 1 मे 1962 पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या आणि 1999 मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. कारभारी बदलले, कागद तोच राहिला. मोजणीचा मुख्य आकडा आता पटसंख्या झाला, कारण संचमान्यतेत शिक्षकांची पदे पटावर ठरतात. त्याचे फळ 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांच्या राज्यव्यापी पटपडताळणीत दिसले. नांदेडमध्ये आधी झालेल्या पडताळणीचा धडा घेऊन ही मोहीम राज्यभर राबवली गेली, आणि पटावरची लाखो मुले वर्गात सापडली नाहीत. फसवणूक करणाऱ्यांची बाजू घेण्याचे कारण नाही. मात्र ज्या आकड्यावर नोकरी आणि अनुदान टांगलेले असते आणि जो आकडा भरणाऱ्याच्याच हातात असतो, तो फुगणारच, हे इंग्लंडच्या अनुभवाने आधीच शिकवले होते. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमातही तीच फट राहिली. चाचणी घेणारे, तपासणारे आणि गुण संगणकावर चढवणारे बहुधा शाळेतलेच शिक्षक. शाळा ‘प्रगत’ ठरली की वरची मंडळीही खूश.

यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. मोजलेच नाही तर दुर्गम शाळांची हेळसांड कळणार कशी? 2005 पासून निघणाऱ्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या अहवालांनीच तर पाचवीतल्या कित्येक मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही हे देशापुढे मांडले. खरे आहे. पण ‘असर’ची पाहणी स्वयंसेवक घरोघरी जाऊन करतात, आणि तिच्या निकालावर कुणाची वेतनवाढ अडत नाही, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येतो. मोजावे जरूर, पण मोजणाऱ्याचे पोट आकड्यावर अवलंबून नको. दुसरा आक्षेप असा की साधनांच्या नावाखाली शिक्षक सबबी सांगतात. काही सांगतातही. म्हणून सरकारची बाजू त्याच तक्त्यात लिहायला काय हरकत आहे? शिक्षण हक्क कायद्याने सरकारवर बंधने घातली आहेत: जनगणना, निवडणुका आणि आपत्ती वगळता शिक्षकांना इतर कामांना जुंपू नये, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावे, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत. महाराष्ट्राच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. पदे किती रिकामी आहेत, गोंडी जाणणारा शिक्षक आहे की नाही, समितीचे शेवटचे म्हणणे कुणी ऐकले, हे निकालाशेजारी छापले तर कोण कुठे चुकले ते लपणार नाही.

प्रत्यक्षात मात्र उलटेच घडते. 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा बंद करून मुले जवळच्या शाळांत हलवण्याचा निर्णय झाला, आणि कमी पटाला शाळेच्या दर्जाचा पुरावा मानले गेले. डोंगराळ वस्तीत पट कमी असतो तो वस्तीच लहान असते म्हणून. गडचिरोली जिल्ह्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःहून गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हा शिक्षण विभागाला तिची परवानगी नसणे तेवढे दिसले आणि त्याच शिक्षण हक्क कायद्याखाली ती बंद करण्याची नोटीस निघाली. त्याच कायद्यातले नापास न करण्याचे धोरण 2019 च्या दुरुस्तीने सैल झाले, आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. फेरपरीक्षेतही जमले नाही तर मूल त्याच वर्गात बसते. लो साहेबांच्या काळात निकालाची किंमत निदान शाळेच्या अनुदानातून कापली जायची. आता ती दहा-अकरा वर्षांचे मूल आपल्या एका वर्षाने चुकवते.