५ ऑक्टोबर १९४२ : ‘ऑक्सफॅम’ची पहिली बैठक

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे जर्मनव्याप्त ग्रीसमध्ये माणसे उपासमारीने मरू लागली. तिथे अन्न जाऊ द्या, अशी मागणी आपल्याच ब्रिटिश सरकारकडे करण्यासाठी कॅनन मिलफर्ड, प्रा. गिल्बर्ट मरे आदींच्या दुष्काळ निवारण समितीची पहिली बैठक या दिवशी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये झाली. भर युद्धात शत्रूच्या ताब्यातील भुकेल्यांची बाजू घेणे हे मोठेच धाडस! युद्धानंतर अशा अनेक समित्या बंद पडल्या. ही टिकली, त्यात व्यावसायिक सेसिल जॅक्सन-कोल यांचा वाटा मोठा. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दानात आलेल्या वस्तूंचे दुकान निघाले. १९५१मध्ये बिहारच्या दुष्काळासाठी समितीने निधी उभारला. पुढे शेती, पाणी, आरोग्याची कामेही आली. १९६५मध्ये संस्थेने ‘ऑक्सफॅम’ हे नाव अधिकृतपणे स्वीकारले.