अटकेपार, पण कुठल्या शर्तीवर?

इंदूरच्या मराठी घरातला मुलगा संगणकावर खेळता खेळता ओरडतो, ‘मला उपलब्धी मिळाली!’ पुण्याहून आलेल्या मावशीला वाटतं, दुकानात काहीतरी शिल्लक सापडलं असावं. हिंदीत ‘उपलब्धि’ म्हणजे मिळवलेलं यश. मराठीत ‘उपलब्ध’ म्हणजे हजर असलेलं, मिळू शकणारं. संस्कृत ‘लभ्’ धातूशी दोन्ही भाषांचं नातं सारखंच आहे. हिंदीने त्यातलं मिळवणं धरून ठेवलं, मराठीच्या वाट्याला गोदाम आलं.

मुलाला म्हणायचं असतं ‘अचीव्हमेंट’. इतिहासावरच्या डावपेचांच्या खेळांत राज्य चालवणं, लढाया मारणं हे नेहमीचं काम झालं. त्याशिवाय एक वेगळी यादी असते: अमुक देश घेऊन सुरुवात करा, तमुक सालाच्या आत एवढं करून दाखवा. नाही केलं तरी खेळ अडत नाही, केलं तर नावापुढे एक खूण लागते. हा प्रकार तसा जुना आहे. १९८२ मध्ये ‘पिटफॉल’ या खेळात वीस हजारांवर गुण झाले की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून ॲक्टिव्हिजन कंपनीला टपालाने पाठवायचा. कंपनी उलट टपाली कापडी बिल्ला धाडायची. २००५ मध्ये ‘एक्सबॉक्स ३६०’ आला, टपाल संपलं आणि बिल्ला पडद्यावरच झळकू लागला. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’सारख्या खेळात तर हे बिल्ले ‘आयर्नमॅन’ पद्धतीने खेळलं तरच मिळतात. म्हणजे चुकलेली चाल मागे घ्यायची सोय नाही. (याला मराठीत ‘लोहपुरुष’ म्हणावं तर डोळ्यांपुढे सरदार पटेल उभे राहतात.)

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटरवर सिमरोल आहे. २००९ साली सुरू झालेल्या इंदूर आयआयटीचा परिसर आता तिथेच आहे. त्याच्या वसतिगृहातल्या कुणी उद्या मराठ्यांच्या माळव्यावर असा खेळ करायला घेतला, तर या यादीला मराठीत नावं काय द्यावीत? मला वाटतं, नावं नुसती चिकटवून भागणार नाही. आपल्याकडचे जुने शब्द इतके हट्टी आहेत की ते खेळाचा नियमही सांगतात.

पहिला उमेदवार ‘कामगिरी’, आणि तोच पहिला बाद. कामगिरी कुणीतरी सोपवतो. ‘कामगिरीवर रवाना झाला’ म्हटलं की मागे हुकूम करणारा धनी आला. यादीतली गोष्ट ऐच्छिक असेल, तर आपल्याकडे तिच्यासाठी अगदी नेमका शब्द आहे: विडा. भर दरबारात तबकात विडा ठेवायचा, काम बोलून दाखवायचं आणि ज्याची छाती असेल त्याने पुढे होऊन तो उचलायचा. १६५९ च्या विजापूर दरबाराची गोष्ट सांगताना अफझलखानाच्या हाती तो हमखास येतो. संस्कृत ‘वीटिका’ म्हणजे पानाची गुंडाळी. तिचा प्राकृतातून झाला विडा, हिंदीत बीडा. तेंदूच्या पानात तंबाखू गुंडाळून ओढतात ती विडीही त्याच घराण्यातली. तिला मात्र कुणी दरबारात उचललेलं ऐकिवात नाही.

विडा या शब्दाने नियम कसा बदलतो पाहा. इंग्रजी ‘अचीव्ह’ मुळात जुन्या फ्रेंचमधला. ‘डोक्याशी आणणे’, म्हणजे शेवटाला नेणे, हा त्याचा अर्थ, आणि त्याच्या पोटात लॅटिन ‘कापुट’, डोकं, आहे. काम संपल्यावरच हा शब्द तोंड उघडतो. घराण्याच्या ढालीसकट पूर्ण कुलचिन्हालाही इंग्रजीत अचीव्हमेंटच म्हणत, आणि सरदार वारला की ते चिन्ह रंगवलेली फळी दारावर टांगत. विड्याचं सगळं उलटं आहे. तो काम सुरू होण्याआधी, चारचौघांसमोर उचलावा लागतो, आणि उचलून काम झालं नाही तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. आजच्या खेळांत पुष्कळदा बिल्ला नकळत मिळतो; खेळणाऱ्याला नंतर कळतं की आपण काहीतरी केलं. विड्याच्या खेळात तसं चालणार नाही. आधी उचला, मग खेळा, आणि हरलात तर तेही नोंदलं जावं.

उचलल्यावर पाळायच्या अटींसाठी अरबी ‘शर्त’ आहे. मराठीत तिची तीन रूपं झाली. शर्त म्हणजे अट, शर्यत म्हणजे आधी पैज आणि मग धावणं, आणि शर्थ, जी आता बहुतेक ‘प्रयत्नांची शर्थ’सारख्या वाक्प्रचारांत तग धरून आहे. अट घालून घेण्यापासून जिवापाड झटण्यापर्यंतचा हा अर्थाचा प्रवास कुठल्याही खेळणाऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. नुसतं जिंकणं सोपं झालं की तो स्वतःवर शर्ती लादून घेतो: कर्ज काढायचं नाही, दोस्त करायचा नाही, तोफा ओतायच्या नाहीत.

आता मुख्य मुद्दा. यशासाठी मराठीत जे शब्द रुळले त्यांतले बरेचसे पायांचे आहेत. पराक्रम आणि विक्रम दोन्ही ‘क्रम्’ धातूचे. क्रम म्हणजे पाऊल टाकणं. विष्णूने तीन पावलं टाकली म्हणून तो त्रिविक्रम. क्रिकेटमधल्या धावांचा उच्चांक असो की पावसाचा, मराठी वर्तमानपत्र त्याला विक्रमच म्हणतं. इंदूरच्या हिंदी वर्तमानपत्रात तोच ‘कीर्तिमान’ होतो, म्हणजे कीर्तीचं माप. ज्याच्या नावाचा संवत चालतो त्या विक्रमादित्याची उज्जैन इंदूरहून तासाभराच्या अंतरावर, तरी त्याचा शब्द रोजच्या वापरात ठेवला तो दक्षिणेतल्या भाषेने. आणि ‘मजल’. अरबी ‘मंझिल’ म्हणजे उतरण्याची जागा. प्रवासात जिथे मुक्काम पडतो ती. मराठीत ती एका दमात तोडायच्या वाटेचं माप झाली, घोडदळ मजल-दरमजल करत निघालं, आणि शेवटी ‘तिने केवढी मजल मारली’ म्हणताना घोडा कुठेच उरला नाही. घराचा मजलाही हाच, फक्त उभा केलेला.

सिमरोलला हे शब्द कागदावरचे वाटत नाहीत. गावाच्या पुढे रस्ता माळव्याचं पठार सोडतो आणि घाटाने खाली निमाडात, नर्मदेकडे, बडवाहाला उतरतो. दक्षिणेकडून माळव्यात यायचं तर नर्मदा ओलांडून विंध्याचा कुठला ना कुठला घाट चढणं भाग होतं. चिमाजी आप्पांची फौज २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याला माळव्याच्या मोगल सुभेदाराशी, गिरधर बहादुराशी, भिडली ती अशीच नदी ओलांडून, चढण चढून. नकाशावरच्या खेळात हे सगळं एका टिचकीत होतं. एका रंगाच्या प्रांतातून शेजारच्या प्रांतात बाहुला सरकतो, आणि लढाई जिंकली की तो प्रांतही आपल्या रंगाचा.

या रंगाशीच माझं भांडण आहे. असल्या खेळातले बहुतेक बिल्ले ‘अमुक प्रांत तुमच्या मालकीचे असावेत’ या वाक्यावर उभे असतात. आपल्या भाषेतला सर्वांत प्रसिद्ध बिल्ला त्या वाक्यात बसत नाही. अटकेपार झेंडे लावणे! १७५८ च्या एप्रिलमध्ये रघुनाथराव आणि मल्हारराव होळकर लाहोरला पोचले, आणि मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत गेल्या. अटकेचा किल्ला अकबराने बांधलेला. आणि ‘अटक’ म्हणजे अडथळा, जिथे अडायचं ती जागा, असा अर्थ लोक त्या नावात पूर्वीपासून वाचत आले. त्यामुळे ‘अटकेपार’ हा शब्द आधी आडवा बांध घालतो आणि मग तो ओलांडतो. १७५९ च्या अखेरीस अब्दाली पुन्हा आला आणि पंजाब गेला. मालकी जेमतेम दीड वर्षाची. वाक्प्रचार अजून टिकून आहे. खेळाने विचारलं, ‘अटक तुमच्या ताब्यात आहे का?’ तर उत्तर नाही. वाक्प्रचार विचारतो, ‘गेला होतात का?’ चौथ आणि सरदेशमुखीचा सगळा कारभारच असा होता: महसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहावा हिस्सा, पण राज्य ज्याचं त्याचं. तेव्हा ‘अटकेपार’ या विड्याची शर्त अशी असावी: फौज त्या प्रांतात पोचवायची, झेंडा लावायचा, आणि प्रांत आपल्या रंगाचा न करता परत फिरायचं. मालकी घेतलीत तर बिल्ला हुकला.

दुसरा एक विडा तर लढाईशिवायचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत अवघड. ‘पुण्यश्लोक’. श्लोक म्हणजे आपल्याला पाठ केलेल्या दोन ओळी आठवतात. पण मूळ संस्कृतात त्याचा एक अर्थ कीर्ती असाही आहे, लोकांच्या कानांवर पडणारं नाव. नल आणि युधिष्ठिर यांना पुण्यश्लोक म्हणत. मराठीत आता हे विशेषण अहिल्याबाई होळकरांशिवाय कुणाच्या नावाआधी शोभत नाही. १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरहून राज्य चालवताना त्यांनी काशीला विश्वेश्वराचं देऊळ बांधलं, सोमनाथला बांधलं, वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, ठिकठिकाणी घाट आणि विहिरी बांधल्या. यातलं पुष्कळसं होळकरांच्या हद्दीबाहेर. खर्चाला होती ‘खासगी’: दौलतीच्या हिशेबापासून वेगळं ठेवलेलं, होळकरांच्या घरातल्या बाईच्या हातचं उत्पन्न, मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंपासून चालत आलेलं. आज आपण खासगी शाळा, खासगी बस म्हणतो तेव्हा सार्वजनिकच्या उलट काहीतरी सुचवत असतो; इथे खासगी पैशाचे घाट सगळ्या देशाच्या उपयोगी पडले. डावपेचांच्या खेळात परक्या प्रांतात विहीर खणायची सोय सहसा नसतेच. परक्या प्रांतासाठी दोनच बटणं: चढाई किंवा तह. सिमरोलच्या खेळात तिसरं बटण हवं, आणि ते दाबल्यावर तिजोरीत काहीही परत येता कामा नये.

आता दसरा. ‘सीमोल्लंघन’ म्हणजे शीव ओलांडणं, पुन्हा पायांचंच काम. बोलीत त्याचं शिलंगण झालं आणि त्यात शीव होती हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही. पावसाळाभर फौजेची छावणी असायची. नद्या उतरल्या, गवत वाढलं, पिकं हाती आली की दसऱ्याला शिलंगण आणि मग मोहीम. अमझेऱ्याची लढाई दसऱ्यानंतरची आहे ती त्यामुळेच. विड्याची शर्त सरळ लिहिता येईल: सलग वीस वर्षं एकही चढाई दसऱ्याआधी सुरू करायची नाही. शत्रू जूनमध्ये अंगावर आला तरी.

पण होळकरांच्याच घराण्यात हा नियम मोडून मिळवलेलं मोठं यश आहे. जुलै-ऑगस्ट १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनची इंग्रज फौज मुकुंदऱ्याच्या खिंडीतून मागे हटत आग्र्याकडे निघाली, आणि यशवंतराव होळकरांनी भर पावसात तिचा पाठलाग केला. इंग्रजांच्या तोफा चिखलात रुतल्या, त्या निकामी करून सोडून द्याव्या लागल्या. आग्र्याला पोचेपर्यंत त्या फौजेची पार दाणादाण उडाली होती. याचंही नाव यादीत हवंच. शर्त: दसऱ्याआधी, चिखलात, शत्रूच्या तोफा एकही तोफ न डागता मिळवा. शिलंगणाचा विडा उचललेल्याला तो उचलताच येणार नाही, आणि चाल मागे घेता येत नसल्यामुळे एका डावात दोन्ही साधायचे नाहीत. पहिला कुठला घ्यावा, यावर इंदुरात दोन भाऊ भांडतील. आणि जो यशवंतरावांच्या बाजूने बोलेल त्याला आधी मुकुंदरा नकाशावर शोधावा लागेल.