पानिपतच्या तिसऱ्या लढाईविषयीचे गैरसमज

पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखालील मराठे आणि अफगाण बादशहा अहमदशाह अब्दाली यांच्यात झाली. तीत मराठ्यांचा पराभव झाला. या लढाईविषयी पुढील गैरसमज रूढ आहेत.

संक्रांतीचा दिवस: लढाई मकरसंक्रांतीला झाली, असे मानले जाते. त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ही तिथी होती. संक्रांतीची इंग्रजी तारीख शतकागणिक पुढे सरकते. १७६१ साली संक्रांत काही दिवस आधीच होऊन गेली होती.

धर्मयुद्ध: मराठ्यांचा तोफखाना व कवायती पायदळ इब्राहिमखान गारदी याच्याकडे होते. पराभवानंतर अब्दालीच्या छावणीत त्याला ठार करण्यात आले. उलट, अब्दालीच्या पक्षाला मिळालेल्या शुजाउद्दौल्याच्या सैन्यात अनुपगीर गोसावी व त्याचे गोसावी होते.

मराठी सत्तेचा अंत: 'पानिपत होणे' म्हणजे सर्वनाश होणे, या वाक्प्रचाराने हा समज दृढ केला. मनुष्यहानी भयंकर होती, हे खरे; तथापि दहाच वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि १७७२ च्या आरंभी बादशहा शाहआलम त्यांच्याच पाठबळावर राजधानीत परतला. या मोहिमेतील एक प्रमुख सरदार महादजी शिंदे हे पानिपतावर जखमी होऊन बचावलेले होते.