एक शतांश सेकंद: कोल्हापूरचा वीरधवल आणि शर्यतीचं घड्याळ

आजची गोष्ट एका शतांश सेकंदाची.

ऑगस्ट २०१८, जकार्ता, आशियाई स्पर्धा. ५० मीटर फ्रीस्टाइलच्या फायनलमध्ये आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे २२.४७ सेकंदांत भिंतीला टेकला. जपानचा शुनिची नाकाओ २२.४६ ला. ब्राँझ नाकाओला, वीरधवल चौथा. चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे, प्राथमिक फेरीत त्यानं २२.४३ असा राष्ट्रीय विक्रम केला होता. तीच वेळ फायनलला आली असती तर पदक त्याचं होतं!

त्या वेगानं एका शतांशात पोहणारा साधारण दोन सेंटिमीटर पुढं जातो. म्हणजे बोटाचं एक पेर. मग प्रश्न पडतो, एवढा फरक धरतो कोण? आणि त्यावर विश्वास का ठेवायचा?

त्यासाठी १९६० च्या रोम ऑलिंपिकला जाऊ. १०० मीटर फ्रीस्टाइल. ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेविटला तिन्ही स्टॉपवॉचनी ५५.२ सेकंद दिले. अमेरिकेच्या लान्स लार्सनला ५५.०, ५५.१ आणि ५५.१. घड्याळं सांगतात लार्सन जिंकला. पण निकाल पंचांच्या डोळ्यांवर होता आणि पंचांची मतं फुटली तीन-तीन! मुख्य पंचांनी सुवर्ण डेविटला दिलं. लार्सनची वेळसुद्धा ५५.२ लिहिली गेली.

यावर उपाय म्हणून टचपॅड आले. ओमेगा कंपनीचे पॅड १९६७ च्या विनिपेग पॅन-अमेरिकन स्पर्धेत आणि १९६८ ला मेक्सिको ऑलिंपिकमध्ये लागले. लाटेनं पॅड दबत नाही, हाताचा दाब लागतो. पोहणारा स्वतःच स्वतःचं घड्याळ थांबवतो.

पण खरं काम शर्यतीच्या आधी असतं बरं का. कॉम्प्युटरमध्ये शर्यत, फेरी, लेन आणि नावं भरायची. स्टार्टरचा आवाज सिस्टिमला जोडायचा. प्रत्येक पॅड हातानं दाबून तपासायचा. शिवाय प्रत्येक लेनवर बटण घेऊन माणसं बसतात. पॅडची वेळ आणि बटणाची वेळ फार वेगळी आली, तर काहीतरी बिघडलंय हे लगेच कळतं. लेन चुकीची भरली तर घड्याळ कितीही भारी असू दे, पदक दुसऱ्याच्याच नावावर!

मग शतांशावरच का थांबायचं? १९७२, म्युनिक, ४०० मीटर मिडले. गुन्नार लार्सन ४:३१.९८१, टिम मॅकी ४:३१.९८३. दोन सहस्रांशांनी सुवर्ण गेलं. हिशेब करा, अंतर जेमतेम तीन मिलिमीटर. तलाव बांधताना लेनच्या लांबीत तेवढा फरक राहतोच! मग हरलं कोण, माणूस की भिंत? त्यानंतर नियम झाला: निकाल शतांशापर्यंतच. त्यातही बरोबरी झाली तर पदक दोघांना.

मला हा नियम फार शहाणा वाटतो. यंत्राला मोजता येतं म्हणून सगळंच मोजायचं नसतं.

आणि वीरधवलचं म्हणाल, तर २०१० ला ग्वांगझूमध्ये अशाच पॅडवर २४.३१ सेकंदांत त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ मिळवलं होतं. १९८६ च्या खजान सिंगनंतर जलतरणातलं भारताचं ते पहिलं आशियाई पदक. म्हणून जकार्ताचा तो शतांश खुपतो, पण त्याला अन्याय म्हणवत नाही.

आता मोबाइलचं स्टॉपवॉच उघडा आणि बरोबर १.०० वर थांबवून बघा. किती शतांशांनी चुकलात, कॉमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!