काडीपासून गुळण्यांपर्यंत

मुलाला ‘आ’ करायला लावायचे, जीभ पट्टीने दाबायची आणि कापसाची काडी दोन्ही टॉन्सिलांवरून, घशाच्या मागच्या भिंतीवरून फिरवायची. जिभेला किंवा गालाला ती लागता कामा नये. मूल उमासे देते, मान फिरवते. पुढच्या खेपेला दवाखान्याच्या दारातच रडू लागते. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतू आहे का, हे पाहायला आजही हीच काडी लागते. तिचे मूळ मात्र दुसऱ्याच रोगात आहे.

तो रोग घटसर्प. 1884 मध्ये जर्मनीत फ्रीड्रिख लफलर यांनी त्याचा जंतू वेगळा करून दाखवला. 1893 मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यात हर्मन बिग्ज आणि विल्यम पार्क यांनी औषधांच्या दुकानांत छोट्या पेट्या ठेवल्या. तारेला गुंडाळलेला निर्जंतुक कापूस एका नळीत, जंतू वाढवण्याचे खाद्य दुसऱ्या नळीत. डॉक्टरने नमुना घेऊन पेटी दुकानात परत द्यायची, खात्याचा माणूस ती प्रयोगशाळेत नेणार. रोगी घरी राहिला, नमुना प्रवासाला निघाला. मला काडीच्या कुळकथेतली सर्वांत मोठी घटना हीच वाटते.

स्ट्रेप्टोकोकसने ही काडी आयती उचलली. रक्त मिसळलेल्या खाद्यावर तो आपल्याभोवतीच्या तांबड्या पेशी विरघळवतो, हे 1903 मध्ये ह्यूगो शॉटम्युलर यांनी नोंदवले. 1933 मध्ये रिबेका लान्सफील्ड यांनी त्याचे गट पाडले. त्यातला ‘अ’ गट घातक. घसा बरा झाल्यावर काही आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊ शकतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तर हे टाळता येते. पण बहुतेक घसेदुखी विषाणूंची असते, तिला पेनिसिलिन निरुपयोगी. नुसता घसा पाहून दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही. म्हणून नमुना हवाच.

पण परभणी जिल्ह्यात, जिंतूर किंवा पालमच्या गावातून काडी परभणीच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जंतूचे काय होईल? हा जंतू कोरडेपणा बऱ्यापैकी सोसतो. म्हणून काडी गाळणकागदावर घासून, तो कागद वाळवून टपालाने प्रयोगशाळेत पाठवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यात वापरात होती. पुढे झटपट चाचण्या आल्या आणि ही शाखा मागे पडली.

काडीलाच एक पर्याय पुढे आला तो आपल्या नागपुरात, करोनाच्या निमित्ताने. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नीरी’त, डॉ. कृष्णा खैरनार यांच्या चमूने सलाईनच्या गुळण्यांचा नमुना पुढे आणला. मे 2021 मध्ये तो जाहीर झाला. सलाईनने पंधरा सेकंद गुळण्या करायच्या आणि ते पाणी नळीत थुंकायचे. पुढे ‘नीरी’च्या द्रावणात ठेवून 98 अंशांवर सहा मिनिटे तापवले की विषाणूचा आरएनए मोकळा होतो. तेच मिठाचे पाणी, जे आई घसा दुखला की देते.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ॲशली थिबर्ज यांच्या चमूने तर चोखायची कँडी केली. तिच्या दांड्याच्या बारीक खाचेत लाळेतले जंतू अडकतात. कल्पना गोड आहे, पण माझा कल गुळण्यांकडे आहे. लाळ तोंडाची, जंतू टॉन्सिलांवर; गुळण्यांचे पाणी निदान त्या दिशेने जाते. शिवाय स्ट्रेप्टोकोकसची घसेदुखी मुख्यतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांची, म्हणजे ज्यांना गुळण्या करता येतात त्यांचीच.

तरी नागपूरची कृती जशीच्या तशी चालणार नाही. या जंतूची भित्ती जाड असते, नुसत्या उष्णतेवर तिच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एकाच मुलाची काडी आणि गुळण्यांचे पाणी तिथे शेजारी ठेवून पाहावे, असे मनापासून वाटते. काडी मात्र आधी घ्यावी लागेल. गुळण्या आधी झाल्या तर टॉन्सिलांवरचे जंतू धुऊन जाऊ शकतात.